अवर्षण, भागीदारी आणि टिकाऊ विकास : महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील पाणीवाटपाचा ऐतिहासिक अभ्यास (फडपद्धती ते वाघाड)

सारांश

महाराष्ट्राचा मोठा भूभाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. अपुरा व लहरी पाऊस ही येथील शेतीची कायमची अडचण आहे. या अडचणीवर मात करण्यासाठी शेतकरी, गाव, शासन, सहकारी संस्था आणि परदेशी साहाय्य यांनी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या भागीदाऱ्या उभ्या केल्या. प्रस्तुत शोधनिबंधात खानदेशातील फडपद्धती, ब्रिटिश काळातील कालवे, सहकारी साखर कारखानदारी, पाणी पंचायत, इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आणि नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्प यांचा तौलनिक विचार केला आहे. ज्या भागीदारीत पाण्याचा वाटा पिकाच्या निवडीआधी ठरला, तेथील आर्थिक वाढ टिकाऊ ठरली. जेथे आधी पीक ठरले व पाणी मागाहून ओढले गेले, तेथे वाढ झाली तरी तिचा भार दुसऱ्या प्रदेशावर पडला, असे या अभ्यासातून दिसून येते.

बीजसंज्ञा : अवर्षण, पर्जन्यछाया, फडपद्धती, सहकार, पाणी पंचायत, पाणलोट, पाणी वापर संस्था, समन्यायी वाटप.

प्रस्तावना

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे पाऊण-एकशे किलोमीटर उतरून माण, खटाव, पुरंदर, सिन्नर, संगमनेर या तालुक्यांच्या कोरड्या भागात पोहोचले की हेच प्रमाण पाचशे मिलिमीटरच्या आसपास येते. तेही चार महिन्यांत सारखे विभागलेले नसते. काही दिवसांत बराचसा पाऊस पडून जातो आणि मधले आठवडे कोरडे जातात. १३९६ पासून सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ, १८७६-७८ चा दुष्काळ, १८९६-९७ व १८९९-१९०० चे लागोपाठचे दुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ यांच्या आठवणी या प्रदेशाच्या लोकस्मृतीत खोलवर रुजलेल्या आहेत.

हवामानबदलाच्या चर्चेत आज प्रादेशिक भागीदारी, अनुकूलन, टिकाऊ विकास हे शब्द वारंवार येतात. हे शब्द नवे असले तरी त्यामागील प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. अनिश्चित पावसाच्या प्रदेशात एकट्या शेतकऱ्याचे शहाणपण पुरत नाही. नदी, नाला, भूजल आणि चराऊ डोंगर या गोष्टी सामाईक असल्याने त्यांची व्यवस्थाही सामाईकच असावी लागते, हे येथील समाजाने फार पूर्वी ओळखले होते. मात्र प्रत्येक सामाईक व्यवस्था न्याय्य असतेच असे नाही आणि प्रत्येक समृद्धी टिकतेच असेही नाही. म्हणून भागीदारीचा गौरव करून थांबण्यापेक्षा कोणती भागीदारी कोणत्या अटींवर टिकली, याचा इतिहास तपासणे आवश्यक ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) पर्जन्यछायेच्या प्रदेशातील पाणीवाटपाच्या प्रमुख सामूहिक व्यवस्थांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) या व्यवस्थांनी अवर्षणाच्या संकटातून आर्थिक वाढ कशी साधली, हे तपासणे.
३) त्या वाढीच्या टिकाऊपणाची व न्याय्यतेची कारणमीमांसा करणे.

हा अभ्यास दुय्यम साधनांवर आधारित असून त्यासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रत्येक व्यवस्थेस तीनच प्रश्न विचारले आहेत : पाण्याचा वाटा कोणी ठरविला? तो पीक ठरण्याआधी ठरला की नंतर? आणि कालव्याच्या शेपटाकडील, अल्पभूधारक व भूमिहीन माणसाला त्यात कोणते स्थान मिळाले?

फडपद्धती : तुटीची वाटणी

धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर सुमारे तीन-चार शतके फडपद्धती नांदत आली. नदीच्या पात्रात दगडी बंधारा बांधून पाणी कालव्यात वळवायचे, कालव्यातून चाऱ्यांनी शेतात न्यायचे आणि उरलेले पाणी सांडव्यावाटे पुन्हा नदीत सोडायचे, अशी तिची रचना होती. धरणासारखा साठा येथे नसे. नदी जितकी वाहील तितकेच पाणी हाती येई. त्यामुळे या पद्धतीची खरी कसोटी बांधकामापेक्षा वाटपात होती.

बंधाऱ्याखालील भिजणाऱ्या क्षेत्राचे तीन-चार मोठे भाग पाडले जात. प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात त्या वर्षी एकच पीक घेतले जाई. एका फडात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, तिसऱ्यात रब्बी, आणि पुढील वर्षी त्यांची फेरपालट, असा क्रम असे. कोणत्या फडाला पाणी द्यायचे व कोणता कोरडा ठेवायचा, हा निर्णय शेतकऱ्यांनी निवडलेले पंच नदीचा रंग पाहून हंगामाच्या आरंभी घेत. पाणी सोडण्यासाठी पाटकरी, राखणीसाठी जागले नेमलेले असत व त्यांचा मोबदला लाभधारक देत. वर्षातून एकदा कालव्याचा गाळ काढण्याचे काम सर्वांनी मिळून करायचे असे.

या व्यवस्थेचे मर्म असे की, शेतकऱ्याची जमीन शक्यतो निरनिराळ्या फडांत विभागलेली असे. एखाद्या वर्षी एक फड कोरडा राहिला तर त्याची झळ थोडीथोडी सर्वांना लागे. एकाचाच संसार उघड्यावर पडत नसे. पाण्याच्या विपुलतेपेक्षा पाण्याच्या तुटीची वाटणी कशी करावी, याचे हे शास्त्र होते. पिकाची निवड व्यक्तीची नव्हती, ती फडाची होती. आणि फडाची निवड नदीच्या पाण्यावर अवलंबून होती. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे येथे स्पष्ट मिळतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अपुरे आहे. ज्याची जमीन फडात नाही, त्याला पाण्यावर हक्क नव्हता. तो या व्यवस्थेत मजूर म्हणूनच राहिला. पुढे नदीच्या वरच्या अंगास झालेली धरणे, विहिरींवरील पंपांचा प्रसार आणि व्यक्तिगत पिकांची ओढ यांमुळे फडपद्धती क्षीण होत गेली.

दुष्काळ, कालवे आणि ब्लॉकपद्धती

१८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खनचे कंबरडे मोडले. पुणे सार्वजनिक सभेने या काळात गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ साली सिद्ध केलेल्या ग्रंथात, पावसाचे पाणी शेतातच मुरेल अशा रीतीने ताली व बंधारे बांधावेत आणि त्यासाठी सरकारने आपल्या लष्करी व पोलीस मनुष्यबळाचा उपयोग करावा, असे सुचविले. पाणलोट विकासाची कल्पना शासकीय धोरणात येण्याच्या कितीतरी आधी ती मराठी विचारविश्वात मांडली गेली होती, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

ब्रिटिश सरकारचा मार्ग मात्र धरण व कालव्यांचा होता. खडकवासल्याचे धरण, भाटघरचे धरण व नीरा डावा कालवा ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कामे होत. दुष्काळात संरक्षण देणे हा या कालव्यांचा हेतू होता. प्रत्यक्षात पाऊस बरा झाला की ज्वारी-बाजरीचा शेतकरी कालव्याचे पाणी घेण्यास तयार नसे, कारण पाणीपट्टी त्याला परवडत नसे. बारमाही पाणी घेऊन पाणीपट्टी भरू शकणारे पीक म्हणजे ऊस. त्यामुळे दुष्काळनिवारणासाठी काढलेले कालवे हळूहळू उसाचे कालवे बनले. सासवडच्या माळी समाजातील कसबी बागायतदारांनी कालव्यांच्या पट्ट्यात जमिनी खंडाने घेऊन ऊस पिकविला आणि त्यातूनच १९३२ साली माळीनगर येथील साखर कारखान्याची उभारणी सुरू झाली. अतिपाण्याने कालव्याकाठच्या जमिनी पाणथळ व क्षारयुक्त होण्याचा धोकाही याच काळात उघड झाला.

हा असमतोल मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या लक्षात आला होता. मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात दाखल झाल्यावर त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक काम धुळे भागात पांझरेच्या खोऱ्यातील सायफनचे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉकपद्धती सुचविली. कालव्याचे पाणी वरच्या काही गावांतच न जिरवता अनेक गावांत ठरावीक क्षेत्राचे गट पाडून द्यावे, प्रत्येक गटाच्या सुमारे एकतृतीयांश भागात ऊस व उरलेल्या भागात हंगामी पिके घ्यावीत आणि पिकांची फेरपालट करावी, असे तिचे स्वरूप होते. फडपद्धतीशी असलेले तिचे साम्य उघड आहे. फरक एवढाच की, फडात निर्णय पंच घेत आणि ब्लॉकमध्ये खाते घेई. नियम चांगला असला तरी तो पाळण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांचा त्याच्या घडणीत वाटा नव्हता. काळाच्या ओघात ही शिस्त सैल झाली आणि ऊस वाढतच राहिला.

सहकारी साखर कारखानदारी : समान मत, असमान पाणी

भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर बागायत वाढली. मात्र ऊस पिकवूनही शेतकरी कर्जातच राहिला, कारण गूळ व साखरेचा भाव त्याच्या हाती नव्हता. या परिस्थितीत विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने आणि मुंबई सरकारातील मंत्री वैकुंठभाई मेहता यांच्या पाठिंब्याने लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५०-५१ च्या सुमारास त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. शेतकऱ्यांचे भागभांडवल, सहकारी बँकेचे कर्ज आणि शासनाचे साहाय्य अशी ही तिहेरी भागीदारी होती. १९६० नंतरच्या महाराष्ट्रात तिचा झपाट्याने विस्तार झाला. रस्ते, शाळा, महाविद्यालये, दवाखाने, दूध संघ अशा अनेक सोयी कारखान्यांच्या परिसरात आल्या. ग्रामीण भांडवलनिर्मितीचे एवढे मोठे उदाहरण देशात क्वचितच आढळेल.

तथापि या भागीदारीत एक मूलभूत उणीव राहिली. कारखान्याच्या सभासदाला भाग कितीही असले तरी मत एकच होते. पाणी मात्र जमिनीच्या प्रमाणात व कालव्याच्या जवळिकेनुसार मिळत होते. म्हणजे साखरेची लोकशाही झाली, पाण्याची झाली नाही. कारखान्याला गाळपासाठी ऊस हवा, उसाला बारमाही पाणी हवे, म्हणून धरणाचे पाणी हवे, असा क्रम बसला. येथे पीक आधी ठरले आणि पाणी त्यामागून आले. महाराष्ट्रातील पिकांखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरील ऊस सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो, असा अंदाज केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अहवालात मांडला गेला आहे.

याची दुसरी बाजू प्रादेशिक आहे. या कारखान्यांना लागणारे ऊसतोड मजूर मोठ्या संख्येने बीड व त्याच्या आसपासच्या कोरडवाहू तालुक्यांतून येत आले आहेत. दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंबे कोयता घेऊन निघतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. एका प्रदेशाची बागायत दुसऱ्या प्रदेशाच्या अवर्षणातून येणाऱ्या श्रमावर उभी राहिली. अशा वाढीला वाढ म्हणता येईल, परंतु संकटाचे समृद्धीत रूपांतर म्हणता येणार नाही. ते संकट केवळ दुसरीकडे सरकले.

१९७२ चा दुष्काळ आणि पाणी पंचायत

१९७२-७३ च्या दुष्काळात कामावर येणाऱ्यांची संख्या ऐन भरात सुमारे ५० लाखांवर गेली. बंडिंग, पाझर तलाव, खडी फोडणे, रस्ते अशा कामांवर माणसे जगली. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे १९६५ साली केलेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना पुढे आली होती. या दुष्काळाच्या काळात तिने योजनेचे रूप घेतले. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातील व्यवसाय कर ग्रामीण मजुरीसाठी वापरण्याची तिची रचना ही शहर व खेडे यांच्यातील एक प्रकारची भागीदारीच होती. पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याला तिचा आधार मिळाला. माणसे जगविण्याच्या कामी ही योजना यशस्वी झाली. परंतु खोदलेल्या तलावाच्या पाण्यावर खोदणाऱ्याचा हक्क काय, या प्रश्नाला तिने हात घातला नाही.

तो प्रश्न पुरंदर तालुक्यात विचारला गेला. पुण्यातील अभियंता व उद्योजक विलासराव साळुंखे दुष्काळाच्या निमित्ताने या भागात आले आणि दुष्काळी कामांचे स्वरूप पाहून अस्वस्थ झाले. त्यांनी नायगाव येथे देवस्थानची ४० एकर उजाड जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली. उतारावर बांध, पायथ्याशी तलाव, तलावाखाली विहीर आणि विहिरीतून उपसा, असा साधा क्रम त्यांनी लावला. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठानची स्थापना झाली. नायगावच्या यशानंतर परिसरातील शेतकरी पुढे आले आणि १९७० च्या दशकाअखेर पाणी पंचायतीचे नियम आकाराला आले.

हे नियम महाराष्ट्राच्या सिंचन इतिहासात वेगळे होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यायचे. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास कमाल अडीच एकर भिजेल एवढेच पाणी मिळेल. उसासारखे बारमाही पीक घ्यायचे नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा मिळेल. योजनेच्या खर्चाचा २० टक्के वाटा लाभधारकांनी उचलायचा; ५० टक्के शासकीय अनुदान व ३० टक्के प्रतिष्ठानचे बिनव्याजी कर्ज असे. पाणी वाटण्यासाठी पाटकरी नेमायचा.

पाटकरी हा शब्द फडपद्धतीतला. मात्र फडात ज्याचे नाव नव्हते, त्या भूमिहीनाचे नाव येथे प्रथमच वाट्यात आले. तिसऱ्या प्रश्नाचे इतके थेट उत्तर याआधी कोणी दिले नव्हते. सांगली जिल्ह्यात येरळा नदीकाठी बळवडी व तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने १९८० च्या दशकात उभारलेल्या बळीराजा धरणानेही प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा हेच सूत्र धरले. या प्रयोगांच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. उपशाच्या योजनांना विजेच्या बिलाचा भार सोसावा लागला आणि सर्वच योजना सारख्या टिकल्या नाहीत. मोठ्या धरणांच्या लाभक्षेत्रात तर हे सूत्र शासनाने स्वीकारलेच नाही.

पाणलोट विकास : गाव, बँक आणि परदेशी साहाय्य

पाण्याच्या वाटपाआधी पाणी मुरविण्याची गरज असते. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात राळेगण सिद्धी येथे अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात झालेले काम सर्वश्रुत आहे. हिवरे बाजारने त्यापुढे एक पाऊल टाकले. दरवर्षी पाऊस मोजून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यानुसार पीक ठरवायचे, शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, असे नियम ग्रामसभेने केले. फडाचे पंच नदी पाहून ठरवीत; हिवरे बाजारची ग्रामसभा पर्जन्यमापक पाहून ठरवू लागली.

गावाच्या सीमेपलीकडील भागीदारीचे उदाहरण म्हणजे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम. अनेक वर्षे या जिल्ह्यात काम केलेले स्विस जेझुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांच्या प्रयत्नांतून १९९० च्या दशकाच्या आरंभी हा कार्यक्रम सुरू झाला. जर्मन सरकारचे अर्थसाहाय्य, नाबार्डमार्फत निधीचे व्यवस्थापन, १९९३ साली बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनी स्थापन केलेल्या वॉटर या संस्थेचे प्रशिक्षण आणि गाव पाणलोट समितीची अंमलबजावणी, अशी त्याची रचना होती. गावाने आधी काही अटी मान्य करायच्या : श्रमदान, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी. एखाद्या लहान क्षेत्रावर गावाने आपली तयारी दाखविल्यावरच पूर्ण कामाचा निधी मिळे. माथा ते पायथा या क्रमाने समतल चर, बांध व नालाबंधारे घालण्यात आले. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या टँकरवर जगणाऱ्या गावांत विहिरींची पातळी वाढली, चारा वाढल्याने दुधाचा धंदा वाढला आणि स्थलांतर घटले. या अनुभवाच्या आधारे केंद्र शासन व नाबार्ड यांनी १९९९-२००० मध्ये २०० कोटी रुपयांचा पाणलोट विकास निधी उभारला.

मात्र चराईबंदीची पहिली किंमत मेंढपाळ व भूमिहीन यांना मोजावी लागली, आणि विहिरीत वाढलेले पाणी विहीर असलेल्याच्याच पदरात पडले. पाणी मुरविण्याचे श्रम सामाईक, पण उपसा खाजगी, ही विसंगती पाणलोट विकासाच्या मुळाशी राहिली. जेथे गावाने उपशावर नियम केले तेथे ती कमी झाली. जेथे केले नाहीत तेथे काही वर्षांत बोअरवेलनी मिळविलेले पाणी पुन्हा गमावले.

वाघाड : पाणी आणि बाजार यांची सांगड

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात शेपटाकडील गावांना कालव्याचे पाणी पोहोचत नव्हते. ओझर येथील समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व भरत कावळे यांनी या शेतकऱ्यांना संघटित केले. पुण्याच्या सोपेकॉम या संस्थेचे तांत्रिक साहाय्य मिळाले. १९९० च्या दशकाच्या आरंभी शेपटाकडील तीन पाणी वापर संस्थांनी पाटबंधारे खात्याशी करार केला. शेजपाळीच्या जुन्या पद्धतीत शेतकरी पीक व क्षेत्र लिहून पाण्याचा अर्ज करी आणि पाणी मिळेल याची शाश्वती नसे. नव्या करारात संस्थेला हंगामाचा पाण्याचा कोटा मोजून मिळू लागला. त्या कोट्यात कोणते पीक घ्यायचे ते शेतकऱ्याने ठरवायचे.

वरवर हा बदल लहान वाटतो. परिणाम मात्र मोठा झाला. पाणी मोजून मिळू लागताच ते वाचविण्यात शेतकऱ्याचा फायदा होऊ लागला. संस्थांनी नाल्यांवर बंधारे घालून कालव्याचे पाणी विहिरींत मुरविले, ठिबक सिंचन आले आणि द्राक्षे व भाजीपाल्याखालील क्षेत्र वाढले. पुढे २४ संस्थांचा प्रकल्पस्तरीय संघ झाला व संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आले. सर्वांत वंचित अशा शेपटापासून सुरुवात करून माथ्यापर्यंत पोहोचलेली ही भागीदारी होती. २००५ साली झालेल्या, सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीच्या राज्य कायद्यामागे अशा अनुभवांची पार्श्वभूमी आहे.

याच प्रदेशात बाजारपेठेची भागीदारीही घडली. १९६० साली स्थापन झालेल्या द्राक्ष बागाईतदार संघाने तंत्रज्ञानाचा प्रसार केला. डॉगरिजसारख्या पाण्याचा ताण व क्षार सोसणाऱ्या खुंटावर कलम करण्याची पद्धत रुजली. १९९१ साली द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी राज्य कृषी पणन मंडळाच्या साहाय्याने महाग्रेप्स ही भागीदारी संस्था स्थापन केली व शीतगृहांच्या आधारे युरोपची बाजारपेठ मिळविली. पुढच्या टप्प्यात मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी उत्पादक कंपन्या आल्या. मोजके पाणी, जास्त मोलाचे पीक आणि सामूहिक विक्री या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या. कारखानदारीत बाजार होता पण पाण्याची शिस्त नव्हती. पाणी पंचायतीत पाण्याची शिस्त होती पण बाजाराचे बळ नव्हते. वाघाडच्या परिसरात या दोहोंची सांगड बसली. भूमिहीनाच्या वाट्याचा पाणी पंचायतीने सोडविलेला प्रश्न मात्र येथे पुन्हा मागे पडला, हेही नमूद केले पाहिजे.

खोऱ्याचा अनुत्तरित प्रश्न

गाव आणि लाभक्षेत्र यांच्या पातळीवर जे साधले, ते संपूर्ण नदीखोऱ्याच्या पातळीवर अद्याप साधलेले नाही. गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणे आणि खाली पैठणचे जायकवाडी यांच्यातील वाद हे याचे ठळक उदाहरण होय. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने तुटीची समन्यायी वाटणी करण्याचे तत्त्व स्वीकारले. मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे प्राधिकरणाने २०१४ साली आदेश दिला आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे तत्त्व मान्य केले. तरीही कमी पावसाच्या वर्षी पाणी सोडताना आंदोलने व याचिका होतच राहिल्या. कायद्याने तत्त्व दिले, परंतु फडाच्या पंचांना असलेले नैतिक बळ खोऱ्यातील कोणत्याही संस्थेला अजून लाभलेले नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी पोहोचवावे लागले. उसाचे कारखाने असलेल्या प्रदेशावर ही वेळ यावी, यातच पीक आधी व पाणी नंतर या क्रमाचा निवाडा आहे.

हवामानबदलाने या प्रश्नाला नवी धार आणली आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपीट आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मधील अवकाळी पाऊस यांनी द्राक्षबागांची मोठी हानी केली. म्हणजे मोजक्या पाण्यावर उभी केलेली समृद्धीही आता अतिवृष्टीने धोक्यात येते. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्याने २०१८ साली सुमारे पाच हजार गावांत हाती घेतलेल्या कृषी संजीवनी प्रकल्पात गावनिहाय पाण्याच्या ताळेबंदाला स्थान देण्यात आले, हे योग्य दिशेचे पाऊल होते. परंतु ताळेबंद मांडणे व त्यानुसार पीक बदलणे यांत अंतर आहे. ते अंतर कागद भरत नाही. गावाचा निर्णयच भरू शकतो.

निष्कर्ष

१) पर्जन्यछायेच्या प्रदेशात अवर्षणाचे रूपांतर आर्थिक वाढीत झाले, ते एकट्या शासनाच्या किंवा एकट्या शेतकऱ्याच्या बळावर झाले नाही. प्रत्येक यशस्वी प्रयोगात लाभधारक, मार्गदर्शक संस्था व वित्तपुरवठा करणारी यंत्रणा यांची भागीदारी आढळते.

२) फडपद्धती, पाणी पंचायत, हिवरे बाजार व वाघाड यांत पाण्याचा वाटा आधी ठरला व पीक त्यात बसविले गेले. कालवे व साखर कारखानदारीत हा क्रम उलटला. पहिल्या प्रकारची वाढ सावकाश पण टिकाऊ झाली. दुसऱ्या प्रकारची वाढ वेगवान झाली, परंतु तिने आपला भार अन्य प्रदेशांवर टाकला.

३) नियम पाळणाऱ्यांचा नियम करण्यात सहभाग नसेल तर चांगला नियमही टिकत नाही. ब्लॉकपद्धतीचा अनुभव हेच सांगतो.

४) पाण्याच्या शिस्तीला बाजाराची जोड मिळाल्याशिवाय तिचा आर्थिक विस्तार होत नाही आणि बाजाराला पाण्याच्या शिस्तीची जोड मिळाल्याशिवाय वाढ टिकत नाही.

५) भूमिहीनाचा पाण्यावरील हक्क आणि खोऱ्याच्या पातळीवरील तुटीची वाटणी हे दोन प्रश्न अनुत्तरित आहेत. पहिल्याचे उत्तर पुरंदरमध्ये एकदा दिले गेले होते. दुसऱ्याचे उत्तर खोऱ्यातील वरच्या व खालच्या शेतकऱ्यांना हंगामाच्या आरंभी, तुटीच्या वर्षाची वाट न पाहता, एकत्र बसविल्याखेरीज मिळणार नाही.

पांझरेच्या काठी पंच जेव्हा एक फड कोरडा ठेवण्याचा निर्णय घेत, तेव्हा त्यांचीही जमीन त्या फडात असे. निर्णय घेणाऱ्याने तुटीचा वाटा स्वतः उचलणे, ही त्या व्यवस्थेची खरी ताकद होती. आजच्या कोणत्याही प्रादेशिक भागीदारीचे मूल्यमापन याच निकषावर करणे उचित ठरेल.